पाचवा चौकोन

चार नंबरचा अलार्म वाजला तेव्हा आत्याचे दोन्ही हात एक नंबरच्या काचेच्या पेटीत कोपरापर्यंत गेलेले होते. आत नऊशे ग्रॅमचा एक गडी दुधाची नळी ओढून काढायच्या खटपटीत होता, आणि त्याची मूठ सोडवल्याशिवाय तिला हात बाहेर काढता येत नव्हते. कक्षात बारा बाळं, बारा मॉनिटर. अठ्ठावीस वर्षं त्यांच्यात काढल्यावर कुठला वाजतोय हे मान वळवून बघावं लागत नाही. चार नंबर म्हणजे बटण. बटण म्हणजे आत्याच्या भाचीची सत्तेचाळीस दिवसांची मुलगी, आणि आज तिला घरी न्यायचं होतं.

आत्या जागची हलली नाही. बटणाला हात लावायचा नाही, तिच्या फाइलीत डोकं घालायचं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी मेट्रनला लिहून दिलं होतं. घरच्या मुलाला घरच्या नर्सनं सांभाळायचं नाही हा नियम या कक्षात तिनंच आणला होता, आणि तो एक दिवस आपल्याच गळ्यात येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे सत्तेचाळीस दिवस ती बटणाला भेटायच्या वेळेतच भेटत होती. इतर नातेवाइकांसारखी हात धुऊन, गाऊन चढवून, स्टुलावर बसून. उचलून एकदाही घेतलं नव्हतं. "घरी निघाली की घेईन," म्हणायची. भाची म्हणायची, "आत्या, तू म्हणजे अगदी दगड आहेस." दगड मग गाऊन उतरवताना कोपऱ्यात तोंड करून डोळे पुसून यायचा.

अलार्म वाजत राहिला. आत्या मनात मोजत होती. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. मग बंद झाला. तोवर मूठ सुटली होती. तिनं हात काढले आणि मान वळवली.

चार नंबरशी पेन्सिल उभी होती. पेन्सिल म्हणजे आत्याच्या हाताखालची सगळ्यात नवी सिस्टर, अंगानं तशीच आणि कानावरही कायम तीच खोचलेली. तिच्या डोक्यावर भिंतीला आत्याच्या ठसठशीत अक्षरातला कागद होता: आधी बाळ, मग मशीन. पेन्सिल मॉनिटरकडे पाठ करून पाळण्यात वाकली होती, हे बघून आत्याला बरं वाटलं. पलीकडे दादा, आत्याचा थोरला भाऊ, हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटून उभा होता. हे मात्र नवल होतं. दादा इलेक्ट्रिशियन, आणि त्याचे हात असे गप्प बसलेले आत्यानं पन्नास वर्षांत पाहिले नव्हते.

थोड्या वेळानं पेन्सिल आली. "ताई, चार नंबरला अलार्म झाला. ऑक्सिजन एकाहत्तरवर गेला होता. अठरा सेकंद. मी लिहून ठेवलंय."

"मला कशाला सांगतेस? डॉक्टरांना सांग."

"सांगितलं. राउंड संपवून येतो म्हणाले. पण ताई, ते पाच चौकोन..."

"चार नंबर माझा नाही," आत्या म्हणाली, आणि एक नंबरच्या गड्याची नळी पुन्हा तपासायला लागली. ती तिनं आत्ताच तपासली होती.

ते पाच चौकोन बटणाच्या पाळण्याला चिकटवलेल्या कागदावर होते. वेळेआधी आलेली बाळं श्वास घ्यायचंच मधे विसरतात. मोठी होतील तशी शिकतात. शेवटच्या विसरण्यापासून पुरे पाच दिवस काही झालं नाही तरच घरी सोडायचं, मधे पुन्हा झालं तर पहिल्यापासून मोजायचं, असा इथला शिरस्ता. बटण शेवटची विसरली होती ती पाच दिवसांपूर्वी दुपारी चारला. भाचीनं त्याच संध्याकाळी स्केचपेननं पाच चौकोन आखले आणि रोज चार वाजले की एक रंगवला. चार रंगवून झाले होते. आता वाजले होते साडेदहा. पाचव्या चौकोनाला साडेपाच तास उरले होते, आणि अलार्म झाला होता.

पुन्हा पाच दिवस थांबायला कुणाचीच ना नसती, पण जावयाची रजा आज संपत होती. जावई जहाजावर इंजिनिअर. उद्या सकाळी सातला हजर व्हायचं, आणि मग सात महिने घर नाही. मुलगी जन्मल्यापासून तिला त्यानं वायरींसकट पाहिलं होतं. एक दिवस, एकच दिवस ती आपल्या घरात, आपल्या पलंगावर बघायची आणि मग जायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

*

आत्या अकराला चहाच्या सुट्टीत बाहेर आली तेव्हा बाकांवर सगळं घर बसलं होतं. घरी नेण्याचा थाट असा की चार जणांनी सहा पिशव्या आणल्या होत्या. वहिनीचा शिवणकामाचा धंदा, त्यामुळे बाहुलीच्या मापाची बावीस झबली शिवून झाली होती आणि तेविसावं हातात होतं. नाना, म्हणजे आत्याचे वडील, वय वर्षं ब्याऐंशी, भिंतीवरच्या सूचना भिंगातून वाचत उभे होते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे कुठेही काही लिहिलेलं दिसलं की नाना आधी ते पुरं वाचून काढत. जावई गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता, आणि शेजारी भाची त्याचा हात धरून. दादा खिडकीशी होता. पाठमोरा.

आत्या दिसताच वहिनीनं सुई झबल्यात खोचली. "या. ऐकलं ना तुम्ही?"

वहिनी आत्यापेक्षा वयानं मोठी, नात्यानं मोठी. तीस वर्षं ती आत्याला अगं-तुगं करत आली. मग चार वर्षांपूर्वी या भाचीच्या लग्नाच्या सकाळी एका बाईला आठव्या महिन्यात एकदम तीन मुलं झाली, आणि आत्या हॉलवर पोचली ती संध्याकाळी पावणेपाचला. तेव्हा माणसं खुर्च्यांच्या घड्या करत होती. सगळ्यांचं जेवण, फोटो, निरोप, सगळं होऊन गेलेलं. त्या दिवसापासून वहिनी आत्याशी अतिशय आदरानं वागत होती. ते आत्याला थोबाडीत मारल्यापेक्षा लागायचं.

"ऐकलं," आत्या म्हणाली.

"मग काय करताय?"

"मी काय करणार वहिनी? डॉक्टर बघतील, ठरवतील."

"तुम्ही इन्चार्ज. ती लिहिणारी पोरगी तुमच्या हाताखालची. अठरा सेकंद! शिंक आली तरी एवढा वेळ जातो. एक ओळ खोडायला तुमचा हात मोडतो का?"

"वहिनी, ती ओळ खोडून घरी नेली आणि उद्या घरी खरंच श्वास थांबला तर?"

"मग हिला जाऊ दे बापाशिवाय घरी! तुम्हाला काय, तुम्हाला सवय आहे. घरातल्या कार्याच्या दिवशी तुमचं हॉस्पिटल मधे येणारच. लग्नात आलं, आता हिला घरी नेताना—"

"आई, पुरे," भाची म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

आत्याला वहिनीचा राग आला नाही, हीच पंचाईत होती. खरं सांगायचं तर आत असताना, चार नंबरच्या पाळण्यावरून जाताना, फाइल समोरच उघडी दिसली होती आणि खिशातलं पेन तिच्या बोटांना लागलं होतं. मनात येऊन गेलं होतं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या विचाराची तिला अजून भीती वाटत होती.

"नाही खोडायचं," जावई म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एरवी तो सासरी तोंड उघडायचा तो जेवायला.

"आई, रागवू नका. आमच्याकडे इंजिनरूममध्ये वही असते. तापमान वाढलं, लिहायचं. तेल गळलं, लिहायचं. बंदर जवळ आलंय, सगळ्यांना घरी जायचंय, म्हणून एकानं एकदा एक ओळ गाळली होती. ती रात्र मी विसरलेलो नाही. आत्यांनी खोडलं तर उद्या मी जहाजावर जाईन, पण सात महिने मला झोप लागणार नाही." मग त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "पाच दिवस तर पाच दिवस. मला व्हिडिओ पाठवा."

भाचीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. वहिनीनं झबलं उचललं आणि उगाचच टाके घालायला लागली. आपल्या बाजूचा माणूस असा भर सभेत पलीकडे गेलेला तिला आवडला नव्हता, पण जावयाला बोलायची सोय नाही. दादा खिडकीतून बाहेर इतकं टक लावून बघत होता की जणू तिकडे वायरिंगचं काम चाललंय.

"दादा, तू तर आत होतास," आत्या म्हणाली. "काय झालं नेमकं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" दादा काचेलाच म्हणाला. "वाजलं. मग बंद झालं. सिस्टरबाई, तूच सांग."

सिस्टरबाई. आत्याचे कान टवकारले. लहानपणी दादानं रेडिओ उघडून त्याचे स्क्रू हरवले होते, तेव्हा त्यानं आपल्या सात वर्षांच्या बहिणीला अशीच गोड हाक मारली होती.

तेवढ्यात नानांनी भिंग खाली केलं. "एक विचारू?" ते म्हणाले. "अर्धा तास खोडायचं की नाही खोडायचं यावर वाद चाललाय. लिहिलंय काय, ते कुणी वाचलंय?"

कुणीच वाचलेलं नव्हतं.

"तू?" त्यांनी आत्याला विचारलं.

"मला वाचायची मुभा नाही, नाना. चार नंबर माझा नाही."

"आणि मुलगी कुणाची आहे?"

"माझी," भाची म्हणाली, आणि उठून उभी राहिली. "आम्ही आई-बाप आहोत. आम्हाला वाचून दाखवतील ना?"

"मागितलं तर दाखवावंच लागतं," आत्या म्हणाली. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, याचं तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. नर्स म्हणून गप्प बसायचं आणि आत्या म्हणून गप्प बसायचं, या दोन्हींत तिनं साधं बोलायचंच सोडून दिलं होतं.

*

डॉक्टर हळू बोलणारे, हळू चालणारे गृहस्थ होते. घाईच्या खात्यात इतका संथ माणूस कसा टिकला याचं नव्या सिस्टरांना कोडं पडे. जुन्यांना माहीत होतं की तो म्हणूनच टिकला. आईंसाठीच्या छोट्या खोलीत त्यांनी भाचीला आणि जावयाला बसवलं. भाचीनं आत्याला धरून आणलं. आत्याच्या मागून नाना, नानांना आधार द्यायला म्हणून वहिनी, आणि वहिनीनं बखोट धरून आणलेला दादा. डॉक्टरांनी गर्दीकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पेन्सिलला म्हणाले, "तूच वाच. तू लिहिलंयस."

पेन्सिलनं कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. त्याशिवाय तिला बोलता येत नसावं. "दहा एकतीस. चार नंबर, अलार्म. ऑक्सिजन एकाहत्तर. बाळ आधी पाहिलं. रंग गुलाबी. छाती हलते आहे, श्वास नेहमीसारखा. हात-पाय हलवते आहे. बाळाला हलवावं किंवा चोळावं लागलं नाही. उजव्या पायाची पट्टी घट्ट आढळली, पायावर वळ. पट्टी सैल केली. आकडा लगेच सत्त्याण्णव. एकूण अठरा सेकंद."

पट्टी म्हणजे ती बोटभर रुंदीची चिकटपट्टी. तिच्यात एक लाल दिवा असतो, आणि तो पायातून आरपार बघून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. पाय आवळला गेला की दिव्याला धड दिसत नाही, आणि तो मग वाट्टेल ते सांगतो.

"पट्टी कुणी बांधली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. सकाळी सातला. माझं करंगळीचं टोक आत जाईल इतकी सैल, तेही लिहिलंय." पेन्सिलचा चेहरा लाल झाला होता. "दहाला पाहिली तेव्हाही तशीच होती."

"साडेदहाला बाळाजवळ कोण होतं?"

"मी दूध काढायला इथे आले होते," भाची म्हणाली. "तिथे फक्त बाबा होते."

सहा माणसं एकदम दादाकडे वळली. आत्या मात्र आधीपासून त्याच्याकडेच बघत होती.

"दादा," ती म्हणाली. "रेडिओ उघडलास का?"

दादानं कपाळावरचा घाम पुसला. "सैल दिसली गं," तो म्हणाला. "हात पण लावणार नव्हतो. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस ना, कशालाही हात लावलास तर हॉस्पिटलच्या दारात उभा करणार नाही म्हणून. दहा मिनिटं स्वतःला आवरलं. पण चाळीस वर्षं सैल कनेक्शन दिसलं की आवळत आलोय. हात शिवशिवतात. म्हटलं, आज घरी जायचा दिवस, ती पट्टी निसटली आणि उगाच अलार्म झाला तर? म्हणून जरा... चेपली."

"उगाच अलार्म होऊ नये म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"अहो, मग अर्धा तास मी इथे माझ्या नणंदेचा जीव खातेय," वहिनी किंचाळली, "तेव्हा तुम्ही खिडकीतून काय बघत होतात? कबुतरं?"

"मला वाटलं, बाळाला माझ्यामुळेच काहीतरी झालं!" दादाचा आवाज चिरकला, डोळे भरून आले. "वाजायला लागलं तेव्हा मी भिंतीला जाऊन चिकटलो. मी आवळलं आणि तिचा श्वास थांबला, असं वाटलं मला. कुठल्या तोंडानं बोलणार?"

आत्या पुढे गेली. तिनं त्याचा जाडजूड, चटके बसून टणक झालेला हात धरला. "तिचा श्वास थांबलाच नव्हता, दादा. ऐकलंस ना? गुलाबी होती. तू आवळलास तो पाय. श्वासाला काही झालं नाही."

डॉक्टर मात्र एवढ्यावर ऐकणारे नव्हते. त्यांनी पेन्सिलला एक मॉनिटर आणि नवी पट्टी आणायला पाठवलं. "बसा," ते दादाला म्हणाले. "करंगळी पुढे करा. आणि जितकी चेपलीत ना, अगदी तितकीच चेपून दाखवा. मलाही बघू द्या."

दादानं आज्ञाधारकपणे पट्टी करंगळीला गुंडाळली. पडद्यावर सत्त्याण्णव दिसलं. त्यानं आवळली. ब्याण्णव. आणखी जरा. "इतकी होती?" डॉक्टरांनी विचारलं. "याहून बोटभर जास्त," दादा प्रामाणिकपणे म्हणाला आणि दात चावून आवळली. आकडा शहाऐंशीवर घसरला, मग अठ्ठ्याहत्तर, मग सहासष्ट, आणि मॉनिटर बोंबलायला लागला.

मशीनच्या मते दादा आता निळा पडून जमिनीवर लोळत असायला हवा होता. दादा खुर्चीत टमाट्यासारखा लाल होऊन बसला होता, आणि तोंडानं म्हणत होता, "बघा, बघा, हे कनेक्शन असंच... नाही म्हणजे, कंपनीनं इथे एक साधी खूण केली असती तर..."

"श्वास घेताय ना?" नानांनी भिंगातून त्याच्याकडे बघत विचारलं.

पहिल्यांदा हसली ती पेन्सिल, मग तिनं तोंडावर हात घेतला. मग भाची हसली. सत्तेचाळीस दिवसांत ती अशी पोट धरून हसली नव्हती, आणि तिला तसं बघून जावई हसला, आणि मग कुणाला आवरेना. वहिनी पदराआड हसत होती आणि त्याच पदरानं नवऱ्याचा घाम पुसत होती.

"झाली गंमत," डॉक्टर म्हणाले. "पण करंगळीवर भरवसा ठेवून मी मुलीला सोडणार नाही. मॉनिटरच्या पोटात सगळं साठवलेलं असतं, ते बघून येतो."

ते गेले आणि बारा मिनिटांनी आले. बारा मिनिटं खोलीत कुणी हसलं नाही. "हृदयाचे ठोके एकसारखे," त्यांनी येऊन सांगितलं. "श्वासाची रेघ कुठेही तुटलेली नाही. पडला तो फक्त पायाचा आकडा. ही नोंद राहील, तिच्यापुढे मी कारण लिहिलंय आणि सही केलीय. मोजणी मोडलेली नाही. चार वाजेपर्यंत काही झालं नाही तर घरी न्या." दारातून ते पुन्हा वळले. "आजोबांनी तोवर बाहेर बसायचं. दोन्ही हात मांडीवर."

आत्या पेन्सिलजवळ गेली. "बाळ आधी पाहिलं, हे तू लिहिलंस," ती म्हणाली. "नुसता आकडा लिहिला असतास तर आज पाच दिवस गेले असते."

"तुमचंच आहे की ते, ताई. भिंतीवरचं."

"भिंतीवर सगळ्यांसाठी आहे," आत्या म्हणाली, आणि तिच्या कानावर पेन्सिल नीट खोचून दिली.

*

चार वाजले. चारला पाच कमी असल्यापासून भाची स्केचपेन उघडून बसली होती, त्यामुळे पाचवा चौकोन रंगवायला ते जरा वाळलंच. जावयानं थुंकी लावून सुरू करून दिलं. पेन्सिलनं बटणाच्या छातीवरच्या वायरी एकेक करून काढल्या, शेवटी पायाची पट्टी, आणि मॉनिटरचा पडदा काळा झाला. भाचीचा चेहरा एकदम उतरला.

"आत्या," ती म्हणाली, "घरी तर काहीच वाजणार नाही. मला कळणार कसं?"

आत्याची ड्यूटी तीनलाच संपली होती. ती घरच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी लावून, नातेवाइकांच्या रांगेत उभी होती. "तुला कळतंय," ती म्हणाली. "गेला महिनाभर अलार्म वाजायच्या आधी तू हिच्याकडे बघितलेलं मी पाहिलंय. रंग बघ, छाती बघ. बाकी मशीनला विसर."

आणि मग, आत्या हात पुढे करणार एवढ्यात, पेन्सिल धावत आली. दुसऱ्या हॉस्पिटलातून गाडी निघाली होती. सातव्या महिन्यातलं बाळ, अकराशे ग्रॅम, श्वास धड नाही. पंधरा मिनिटांत पोचेल. संध्याकाळच्या पाळीची इन्चार्ज रस्त्यात अडकली होती. "ताई, आम्ही दोघीच आहोत," ती म्हणाली. थांबा म्हणायचं धाडस तिला झालं नाही.

आत्यानं बटणाकडे पाहिलं, आणि मग वहिनीकडे. चार वर्षांपूर्वीची सगळी संध्याकाळ, घडी घातलेल्या खुर्च्यांसकट, त्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. आत्याला वाटलं, आता पुन्हा चार वर्षं.

वहिनीनं तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. "बघतेस काय?" ती म्हणाली. "जा. हात धू."

"वहिनी, तुम्ही निघा. त्याला सकाळी जायचंय, घरी वेळ मिळू दे. मी आले की—"

"त्या दिवशी आम्ही थांबलो नाही," वहिनी म्हणाली. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा ती आत्यावर राग धरून होती, तिचं दुसरं टोक तिनं पहिल्यांदाच उचललं होतं. "फोटोवाला घाई करत होता, मीच म्हटलं, काढा, ती काही येत नाही. तूच नव्हतीस फक्त त्या फोटोत. मग मलाच तो फोटो बघवेना, आणि राग तुझ्यावर काढला. आज नाही निघायचं तुझ्याशिवाय. जा म्हणते ना!"

जावयानं नुसती मान हलवली आणि सगळ्या पिशव्या पुन्हा आईंच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

*

नवीन पाहुणा आडदांड निघाला. पाऊण तास त्यानं सगळ्यांना नाचवलं, मग नळीतून हवा मिळाल्यावर एकदम शहाण्यासारखा गुलाबी झाला. इन्चार्ज आली, आत्यानं तिला सगळं सांगितलं, हात धुतले, गाऊन उतरवला. घड्याळात पावणेसहा झाले होते. आईंच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून आवाज येत नव्हता. क्षणभर तिला वाटलं, गेले असतील. बरोबरच आहे, तान्ह्या मुलीला किती वेळ बसवायचं.

तिनं दार ढकललं. नाना खुर्चीत, भिंग छातीवर ठेवून पेंगत होते. दादा मधोमध, दोन्ही हात मांडीवर. जावयाच्या उघड्या छातीवर शर्टाच्या आत बटण झोपली होती, आणि गेला दीड तास तो हलला नव्हता, असं भाचीनं खुणेनं सांगितलं. तेविसावं झबलं पुरं झालं होतं. कोपऱ्यातली एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि तिच्यावर कुणी बसू नये म्हणून आत्याची पिशवी.

वहिनी उठली. जावयाच्या शर्टातून तिनं बटणाला अलगद सोडवलं, नवं झबलं चढवलं आणि आत्याच्या हातात दिलं. "धर," ती म्हणाली. "आता संपली ना ड्यूटी?"

आत्याचे हात आपोआप एक मानेखाली, एक कमरेखाली गेले. "दोन किलो एकशे वीस," ती कशीबशी म्हणाली.

"वजन नको गं सांगूस! कशी आहे ते सांग."

आत्यानं पाहिलं. हजारो बाळांचा रंग आणि श्वास बघितलेल्या डोळ्यांनी ती आता निवांत नाक बघत होती, हनुवटी बघत होती, कान बघत होती. झोपमोड झालेल्या बटणानं ओठ मुरडले आणि कपाळाला अशी एक आठी घातली की आत्याला हसू फुटलं आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं.

"अगदी तुझ्यासारखी आहे, वहिनी," ती म्हणाली. "थांबायला लावलं म्हणून चिडलीय."

सगळ्यात मोठ्यानं हसली ती वहिनीच. त्या आवाजानं नाना जागे झाले आणि बटण दचकून टाहो फोडून रडायला लागली. पाच जण तिला गप्प करायला एकदम सरसावले. दादानंही मांडीवरचे हात उचलले, आत्याकडे पाहिलं आणि परत जागेवर ठेवले. मग आत्यानंच बटणाचा उजवा पाय झबल्याबाहेर काढून त्याच्या जाड बोटात दिला, आणि दादानं तो अगदी सैल धरला.